शेततळ्यातलं झिंग्याचं बीज दरवर्षी दहाव्या दिवशी पांढरं पडून मरतं : चूक कुठे शोधायची

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं ते लगेच कळेल.

पाऊस लागला की आंध्रच्या किनाऱ्यावरून गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याचं, बाजारात ज्याला स्कँपी म्हणतात त्याचं, बीज मागवायचं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या रात्रभर प्रवास करून सकाळी नागपूरला उतरतात, तिथून मौद्याकडच्या आमच्या शेततळ्यावर. पहिला आठवडा मजेत जातो. नवव्या-दहाव्या दिवशी संध्याकाळी काही पिल्लं काठाला येऊन नुसती बसून राहतात, हात नेला तरी उडी मारत नाहीत. ताटलीत घेऊन पाहावं तर एरवी काचेसारखं आरपार दिसणारं अंग शेपटीकडून दुधाळ झालेलं. दोन दिवसांत तो पांढरेपणा पाठीवर चढतो. तिथून पाचव्या दिवशी ट्रेमध्ये ठेवलेलं खाद्य तसंच्या तसं वर येतं, कारण खायला कोणी उरलेलंच नसतं.

एकदा झालं असतं तर नशिबाला बोल लावून मोकळा झालो असतो. लागोपाठ तीन वर्षं झालं. तिसऱ्या वर्षी तळ्यावरच्या काकांचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीच्या सिग्नलवर होतो. "भाऊ, पुन्हा पांढरे पडून राह्यले," एवढंच म्हणाले. काकांचं सगळं आयुष्य मालगुजारी तलावांवर, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या गावतलावांवर, जाळं टाकण्यात गेलेलं. ते उगाच घाबरवत नाहीत.

या तीन वर्षांत केलेले उपाय सांगून टाकतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. चुना टाकला. मीठ टाकलं. पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी जांभळं केलं. दुकानदाराने दिलेलं अँटिबायोटिक खाद्यात कालवलं (ते निव्वळ मूर्खपणाचं होतं, कारण खाली येईलच). शेवटी 'इम्युनिटी बूस्टर'ची बाटली. आणि प्रत्येक वेळी शिव्या मात्र बीज देणाऱ्याला घातल्या.

आधी हे ठरवा की विषाणूच आहे का

पांढरी शेपटी म्हटलं की लोक थेट विषाणूवर उडी मारतात. झिंग्याचा स्नायू नुसत्या ताणानेही पांढरा पडतो. पिशवीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी यांच्या तापमानात मोठा फरक, पहाटे ऑक्सिजन खाली जाणं, जाळ्यात फार वेळ धरून ठेवणं, यातलं काहीही पुरतं. ओळखायचं असं : दहा-वीस पांढरी पिल्लं बादलीत घ्या, तळ्याचंच पाणी, सावली, एरेटरचा (पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राचा) दगड सोडा. ताणाचा पांढरेपणा हलका असेल तर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पुष्कळ पिल्लं पुन्हा आरपार दिसू लागतात. विषाणूचा पांढरेपणा मागे फिरत नाही, तो डोक्याच्या दिशेने पुढेच सरकतो. शिवाय ताणाची मर बीज सोडल्या-सोडल्या किंवा एखाद्या वाईट रात्रीनंतर दिसते. आमची मर आठवडाभराने, ठरल्यासारखी यायची.

दुसरी शंका धानाच्या फवारणीची. आमच्याकडे चहूबाजूंनी धानाच्या बांध्याच आहेत. कीटकनाशकाचं पाणी तळ्यात उतरलं तर झिंगे आधी आणि फार झपाट्याने मरतात. अखेर झिंगा आणि कीटक एकाच मोठ्या कुळातले, दोघांनाही विष सारखंच लागतं. पण तेव्हा एका रात्रीत सगळं साफ होतं, बेडकांची पिल्लं आणि पाणकिडेही सुटत नाहीत. शेपटी पांढरी व्हायला तितका वेळच मिळत नाही.

तिसरा गोंधळ नावाचा. किनाऱ्यावरच्या कोळंबीला होतो तो 'व्हाइट स्पॉट' वेगळा. त्यात कवचावर पांढरे ठिपके उठतात, तो डीएनए असलेला मोठा विषाणू आहे, आणि भारतात तो १९९४ पासून धुमाकूळ घालतो आहे. आपला हा 'व्हाइट टेल'. हा पहिल्यांदा १९९७ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर ध्यानात आला, पुढे चीन, भारत, तैवान, थायलंड इथेही सापडला. याच्यामागे दोघांची जोडी असते : एक नोडाविषाणू, जेमतेम २७ नॅनोमीटरचा, आणि त्याच्या जिवावर जगणारा १५ नॅनोमीटरचा आणखी छोटा विषाणू. दोघेही आरएनएचे. पिल्लांमध्ये मर ९५ ते १०० टक्क्यांपर्यंत जाते, आणि पहिली पांढरी शेपटी दिसल्यापासून पाचव्या दिवसाच्या आसपास कळस गाठते. मी हे वाचलं तेव्हा माझ्या वहीतल्या तारखा काढून पाहिल्या. तंतोतंत.

बूस्टरने काही का होत नाही

आता मुख्य घोळ. पहिल्या वर्षीच्या मरीतून पाच-पन्नास झिंगे तगले होते. ते पुढे चांगले पोसले, निळ्या नांग्यांचे दांडगे नर झाले. ते विकायला मन होईना. मला वाटलं, घरात एकदा देवी येऊन गेल्या की त्या माणसाला पुन्हा येत नसत, तसे हे आता पक्के झाले. यांच्या संगतीत नवं बीज वाढलं तर बरंच. काकांनाही ते पटलं होतं. तळ्याचा खोल कोपरा जाळी लावून त्यांच्यासाठी राखला.

देवीची ही उपमाच आमच्या मुळावर आली.

माणसाच्या रक्तात शत्रू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पेशी असतात, त्या अँटिबॉडी बनवतात, आणि तोच शत्रू पुन्हा आला की आधीच्या ओळखीवर तुटून पडतात. झिंग्याकडे ही यंत्रणाच नाही. अँटिबॉडी नाही, आपल्यासारखी स्मरणाची पेशी नाही. म्हणून आपल्या अर्थाने लसही नाही. याचा अर्थ तो निःशस्त्र आहे असा नाही. त्याची हत्यारं जन्मजात आहेत आणि सरसकट सगळ्यांवर चालतात.

मत्स्यविज्ञान शिकलेल्या एका ओळखीच्या मुलाने मला तळ्याच्या काठावर एक गोष्ट दाखवली. मोठ्या झिंग्याच्या पोटाखालून बारीक सुईने थेंबभर रक्त ओढलं. लाल नाही, पाण्यासारखं, किंचित निळसर. आपल्या रक्तात लोह असतं, त्याच्या रक्तात तांबं. काचेवर तो थेंब आधी लिबलिबीत घट्ट झाला आणि मग आमच्या डोळ्यांदेखत कडेने करडा पडत गेला. "हीच त्याची फौज," तो म्हणाला. रक्तातल्या दाणेदार पेशी फुटल्या की साखळीने एकेक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि शेवटी मेलॅनिन तयार होतं, आपल्या केसांत असतं तेच काळं द्रव्य. जखमेवर किंवा आत शिरलेल्या बुरशीवर, जिवाणूवर ते लिंपलं जातं. झिंग्याच्या कवचावर कधी काळा ठिपका दिसतो ना, तो बऱ्याचदा असा जिंकलेल्या चकमकीचा व्रण असतो. उरलेल्या पेशी घुसखोराला गिळतात. पेशी शत्रूला गिळते हे पहिल्यांदा इल्या मेचनिकॉफ यांना १८८२ मध्ये तारामाशाच्या पिल्लाच्या अंगात काटा टोचल्यावर दिसलं होतं. म्हणजे ही विद्या आपण शिकलो तीही अशाच पाण्यातल्या बिनकण्याच्या जिवाकडून.

बूस्टरच्या बाटलीत बहुधा यीस्टच्या भिंतीतून काढलेलं बीटा-ग्लुकन असतं. त्याचा चटका लागला की झिंग्याला वाटतं बुरशी आली, आणि वरची सगळी फौज जागी होते. म्हणजे ते अगदीच पाणी विकतात असं नाही. पण ती जाग थोड्या दिवसांची असते, तिला खर्च लागतो, आणि मुख्य म्हणजे ती चुकीच्या दारावर उभी राहते. बुरशी-जिवाणू पेशीच्या बाहेर असतात. विषाणू पेशीच्या आत जाऊन बसतो. तिथे मेलॅनिनचा लेप काय करणार? अँटिबायोटिकही म्हणूनच फुकट : ते जिवाणूंच्या यंत्रसामग्रीवर वार करतं, विषाणूकडे ती सामग्रीच नसते. वर क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानसारखी औषधं मत्स्यपालनात बंद आहेत. पुडीवर नाव लिहिलेलं नसेल तर हातही लावू नका.

पेशीच्या आतली लढाई निराळी आहे आणि खरं सांगू, मला तीच सगळ्यात भारी वाटली. आरएनए विषाणू आपल्या प्रती काढताना दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत एवढा लांब दुहेरी धागा सहसा नसतो, म्हणून तो दिसला की चोर ठरला. डायसर नावाचं विकर त्या धाग्याचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करतं. अर्गोनॉट नावाचं प्रथिन त्यातला एक तुकडा हातात धरतं, जणू चोराचा फोटो, आणि त्याच्याशी जुळणारा प्रत्येक विषाणूचा धागा शोधून कापतं. ही पद्धत अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका बारीक कृमीत उलगडली, २००६ मध्ये त्यावर नोबेल मिळालं. झिंग्यातही हीच यंत्रणा आहे. प्रयोगशाळेत कोळंबीला विषाणूच्या जनुकाशी जुळणारा दुहेरी आरएनए टोचला तर ती नंतरच्या संसर्गातून वाचते, हेही दिसलं आहे. अर्थात, लाखभर पिल्लांना कोण टोचत बसणार. याशिवाय लागण झालेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन सोडते, आणि काही वेळा विषाणूसकट स्वतःला संपवून टाकते.

विषाणूही कच्चा नाही. नोडाविषाणूंच्या घराण्यात बी-टू नावाचं छोटं प्रथिन असतं. ते दुहेरी धाग्याला मिठी मारून बसतं आणि डायसरची कात्री तिथपर्यंत पोचू देत नाही. पंधरा-वीस दिवसांच्या पिल्लाची फौज अजून कोवळी असते, शिवाय ते सारखं कात टाकत असतं, म्हणजे दर थोड्या दिवसांनी कवचाची भिंत मऊ पडते. पिल्लू हरतं. मोठा झिंगा बहुतेकदा हरत नाही.

पण तो जिंकतही नाही, आणि आमचं गणित नेमकं इथेच चुकलं. मोठ्या झिंग्याच्या अंगात विषाणू दाबला जातो, संपत नाही. झिंगा खातो, वाढतो, नांग्या उगारतो, शेपटी काचेसारखी स्वच्छ, आणि आत विषाणू मुक्कामाला. थायलंडमध्ये काम करणारे टिमोथी फ्लेगेल यांनी १९९८ मध्ये कोळंबीबद्दल हाच विचार मांडला होता, की हे प्राणी विषाणूला हाकलण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेतात. माणसाचं 'बरं होणं' आणि झिंग्याचं 'बरं होणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी ज्यांना पैलवान म्हणून पोसत होतो ते रोगाचं कोठार होतं.

तीन टब

हे नुसतं वाचून पटत नव्हतं, कारण पटलं तर तीन वर्षं बीजवाल्याला घातलेल्या शिव्या परत घ्याव्या लागणार होत्या. म्हणून चौथ्या वर्षी बीज आलं तेव्हा तळ्यात सोडण्याआधी प्लास्टिकचे तीन टब मांडले, एकमेकांपासून लांब, गोठ्याच्या सावलीत. प्रत्येकात त्याच पिशवीतली शंभर पिल्लं, प्रत्येकाला एरेटर, प्रत्येकाची चाळणी आणि मग वेगळा. हा वेगळेपणा पाळला नाही तर सगळा खटाटोप वाया, कारण ओल्या चाळणीवरून विषाणू सहज पलीकडे जातो. पहिल्या टबात बोअरचं पाणी, आदल्या दोन दिवसांपासून हवा देऊन ठेवलेलं. दुसऱ्यात तळ्याचं पाणी, बारीक कापडातून गाळलेलं. तिसऱ्यात बोअरचंच पाणी, पण मधोमध जाळी लावून पलीकडे एक जुना निळ्या नांगीचा. जाळी नसती तर त्याने पिल्लं चटणीसारखी खाल्ली असती.

पहिल्या टबात तिसऱ्या आठवड्यातही पिल्लं टणाटण उड्या मारत होती. काही मेली, पण इकडे-तिकडे एखादं, तीही पांढरी न होता. तिसऱ्या टबात सातव्या दिवशी पहिली दुधाळ शेपटी दिसली आणि तेराव्या दिवशी चार पिल्लं उरली. दुसऱ्यातही तेच झालं, फक्त दोन-तीन दिवस उशिरा. जाळीपलीकडचा दांडगा तोवर मजेत खाद्य चावत होता.

टबांचा खेळ म्हणजे प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. पण बीज निर्दोष होतं आणि दोष घरचा होता एवढं त्याने सांगितलं. मग नमुने आरटी-पीसीआरला (विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या चाचणीला) पाठवले : पहिल्या टबातली पिल्लं स्वच्छ, तिसऱ्यातली बाधित, आणि जुना नर बाधित. पहिल्या वर्षीची लागण बीजातूनच आली असावी, पण ते आता कोणालाच सिद्ध करता येणार नाही.

नमुना पाठवताना दोन गोष्टी. हा आरएनए विषाणू असल्याने नमुना उन्हात किंवा साध्या पाण्यात ठेवला तर आरएनए मोडतो आणि निकाल खोटाच 'स्वच्छ' येतो. प्रयोगशाळा सांगेल त्या द्रवात किंवा बर्फात, लगेच पाठवा. आणि मोठ्या झिंग्याची तपासणी करायची तर त्याला मारायची गरज नाही, पोटाखालचे पोहण्याचे पाय कापून दिले की पुरतं. डोळे आणि डोक्यातली पिवळी ग्रंथी देऊ नका, त्यांतल्या द्रव्यांनी चाचणी बिघडते.

मग काय केलं

सगळे जुने झिंगे काढले. खाल्ले, वाटले. माणसाला या विषाणूचा काही त्रास नाही, तेव्हा रस्सा बिनधास्त करा, फक्त साली आणि धुतलेलं पाणी तळ्याकडे किंवा नाल्यात जाऊ देऊ नका. काकांचं म्हणणं होतं की गावच्या तलावात सोडून देऊ, एवढे मोठे जीव. तिथे मात्र मी अडलो. वैनगंगेच्या खोऱ्यात आपला स्वतःचा गोदावरी झिंगा आहे, याच कुळातला, आणि त्यावर कितीतरी मासेमार ढीवर कुटुंबांची चूल पेटते. आपलं कोठार त्यांच्या तलावात रिकामं करायचं नाही.

तळं उन्हाळ्यात पूर्ण आटवलं. आपल्याकडचा मे महिना एरवी शिव्या खातो, या कामाला तो सोन्यासारखा. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत वाळू दिलं, ओलसर राहिलेल्या खड्ड्यांवर कळीचा चुना टाकला. (प्लास्टिक अंथरलेलं तळं असेल तर घड्यांमधला शेवाळी गाळ घासून काढल्याशिवाय नुसतं वाळवून भागत नाही.) पाणी भरल्यावर हजार लिटरला शंभर ग्रॅम या हिशेबाने ब्लिचिंग पावडर, आणि क्लोरीन पूर्ण उडाल्याची पट्टीने खात्री करेपर्यंत काहीही सोडलं नाही. पाणी घेताना पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी. पाणकिडे, चतुराची पिल्लं, पाणढेकूण हे नुसतेच पिल्लं खातात असं नाही, हा विषाणू अंगावर-अंगात घेऊन फिरतानाही सापडले आहेत.

इथे कोणीतरी हमखास विचारतं, की नागपूरच्या उन्हाने विषाणू मरणार नाही का? हा प्रश्न व्हाइट स्पॉटवरून आला आहे. पाणी ३२-३३ अंशांवर ठेवलं तर त्या रोगात कोळंबी कमी मरते, हे खरं आहे. तेवढ्यावरून पांढऱ्या शेपटीचा हिशेब मांडू नका. झिंग्याला २६ ते ३१ अंश मानवतं, त्याच्या वर पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि ऑक्सिजन घटला, अमोनिया वाढला की रक्तातल्या लढाऊ पेशी कमी होतात. म्हणून जे पैसे बूस्टरवर घालत होतो ते आता पहाटेच्या एरेटरच्या विजेवर घालतो.

बीज घेताना निकालाचा कागद मागतो, आणि कागद दाखवला तरी तीन आठवडे हाप्यात (बारीक जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवल्याशिवाय तळ्यात सोडत नाही. हे बीज किनाऱ्यावरूनच आणावं लागतं. आपल्याकडे मादी अंडी धरते, पोटाखाली नारिंगी घोस दिसतो, पण पिल्लांना लहानपणी निमखारं पाणी लागतं, त्यामुळे मौद्यात ती जगत नाहीत. म्हणजे जुने झिंगे पैदाशीसाठी राखणं ही सबबही खोटीच होती.

यंदाचं बीज आणून काल अठरा दिवस झाले. हाप्यात सकाळी ताटली बुडवून पाहिली, सगळी आरपार. तीस पिल्लं तपासणीला गेली आहेत, निकाल गुरुवारी येईल. काकांनी मात्र मला न सांगता एक जुना नर घरामागच्या टाकीत ठेवला होता, तो काल कळला. त्याची भाजी आज रात्री आहे.